पुढचा आकडा कोणता?



मागच्या धड्यांत आपण बेरीज शिकलो, वजाबाकी शिकलो. हजारापुढचे आकडेही आता आपल्याला लिहिता-वाचता येतात. आज एक निराळा विषय घेऊ. तो मुलांच्या पुस्तकातला आहे, पण मोठ्या माणसांच्याही फार उपयोगाचा आहे. कसा, ते धडा संपेतो कळेल.

भंडारदऱ्याला आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. दिवसभर शेतात राबून आलेली मंडळी पाटी घेऊन बसतात. एके दिवशी एक बाई आपल्या मुलाची वही घेऊन आल्या. मुलगा दुसरीत. वहीत गुरुजींनी घरचा अभ्यास दिला होता :

२, ४, ६, ८, ___

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं मला इचारतंय, पुढचा आकडा कोणचा? आता मी अंगठेबहाद्दर. मी काय सांगू त्याला?"

आम्ही त्यांना विचारले, "बाई, तुम्ही बांगड्या भरता तेव्हा दोन्ही हातांत सारख्याच भरता ना? एका वेळी दोन बांगड्या घेतल्या. मग आणखी दोन. मग आणखी दोन. किती झाल्या?"

"सहा."

"मग आणखी दोन?"

"आठ. आन् मग धा!" त्या म्हणाल्या. आणि लगेच हसल्या. कारण मुलाच्या वहीतली रिकामी जागा त्यांनी भरली होती.

आकड्यांच्या अशा रांगेला आपण या धड्यात साखळी म्हणू. साखळीत एक कडी दुसऱ्या कडीत अडकलेली असते. तसा इथे एक आकडा दुसऱ्याला धरून येतो. कोणत्या रीतीने धरून येतो, ते ओळखावयाचे. ती रीत म्हणजेच साखळीचा नियम.

पहिली युक्ती : मधला फरक लिहा

आठवडे बाजाराच्या तारखा पाहा. समजा, महिन्याच्या ३ तारखेला बाजार आहे. मग पुढचे बाजार असे :

३, १०, १७, २४, ३१

दोन-दोन आकड्यांच्या मध्ये फरक मांडा. तीनातून दहाला जायला सात. दहातून सतराला जायला सात. सगळीकडे सात. तेव्हा नियम झाला "सात मिळवा". आठवड्याचे दिवस सात, म्हणून फरक सात.

आता पुढचा आकडा? ३१ आणि ७ मिळून ३८. पण ३८ तारीख कुणी पाहिली आहे काय? नाही. महिना ३१ दिवसांचा असेल, तर ३८ मधून ३१ वजा करा. राहिले ७. म्हणजे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला बाजार. महिन्याच्या टोकाशी साखळी तुटली नाही, नुसती वळली. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असते. तिने ते कधी लिहिलेले नसते, इतकेच.

साखळी नेहमी वाढतेच असे नाही. घरात ५० किलो तांदळाचे पोते आणले. रोज २ किलो लागतात. मग पोत्यात रोज उरणारे तांदूळ :

५०, ४८, ४६, ४४, ४२ ...

इथे नियम "दोन काढा". ही उतरती साखळी. किती दिवसांनी पोते रिकामे होईल? पंचवीस दिवसांनी. ज्या घरी ही साखळी मांडता येते, त्या घरी महिना अखेर एकदम येऊन उभी राहत नाही.

दुसरी युक्ती : फरक आळीपाळीने बदलतात काय, ते पाहा

आपल्या भागात भात हे मुख्य पीक. पुष्कळांनी चारसूत्री पद्धतीची लावणी पाहिली असेल. तीत दोरीवर खुणा करतात. एक अंतर १५ सेंटिमीटर, दुसरे २५ सेंटिमीटर, परत १५, परत २५. दोरीच्या टोकापासून मोजत गेलो तर खुणा अशा येतात :

०, १५, ४०, ५५, ८०, ९५, १२० ...

नुसते आकडे पाहून मुलगा गोंधळतो. पण मधला फरक लिहिला की सारे उघड होते : १५, २५, १५, २५, १५, २५. नियम एक नाही, दोन आहेत, आणि ते आळीपाळीने येतात. आता एक आकडा सोडून एक वाचा : ०, ४०, ८०, १२०. फरक चाळीसचा. उरलेले वाचा : १५, ५५, ९५. तिथेही चाळीसचा. एका साखळीत दोन साखळ्या गुंफल्या आहेत, वेणीसारख्या.

या आकड्यांना शेतात अर्थ आहे. चार चुडांचा लहान चौकोन तयार होतो आणि त्याच्या मधोमध खताची गोळी खोचतात. खुणेची साखळी चुकली तर चौकोन बिघडतो आणि गोळी भलत्या ठिकाणी जाते. तेव्हा दोरी धरणाऱ्याला गणित येत नाही असे कुणी म्हणू नये.

तिसरी युक्ती : मिळवणी नसेल, तर पट पाहा

एक कागद घ्या. घडी घाला. दोन पदर झाले. परत घडी घाला. चार पदर. परत घाला. आठ. परत घाला. सोळा.

१, २, ४, ८, १६ ...

इथे फरक मांडले तर १, २, ४, ८ असे येतात. फरक सारखा नाही, पण प्रत्येक आकडा मागल्याच्या दुप्पट आहे. नियम "दोनाने गुणा". ही पटीची साखळी. मिळवणीची साखळी सावकाश चालते. पटीची साखळी आरंभी तिच्याबरोबरच चालते आणि पुढे धावत सुटते. हा भेद ध्यानात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आमची एक चूक

आता आम्ही आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. मास्तराने चूक सांगू नये, असे जुने लोक म्हणत. पण ही सांगितल्यावाचून धडा पुरा होणार नाही.

आम्ही मॅट्रिक होऊन नोकरीला लागलो, त्याला तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. एका वाडीवरच्या शाळेत होतो. एक मास्तर, चार इयत्ता. आम्ही फळ्यावर लिहिले :

१, २, ४, ___

आमच्या मनात उत्तर होते ८. पुस्तकातही ८ होते. तिसरीतला एक मुलगा उठला व म्हणाला, "सात."

आम्ही म्हणालो, "चूक. बैस खाली."

तो बसला नाही. म्हणाला, "गुर्जी, सातच."

आम्हाला राग आला. पोर उलट बोलते असे वाटले. आम्ही त्याला तासभर उभे केले. वर्ग हसला. त्याने पाटीवर काय मांडले होते, ते आम्ही पाहिलेसुद्धा नाही. शाळा सुटल्यावर पाट्या गोळा करताना त्याची पाटी हाती आली. तिच्यावर आकड्यांच्या मध्ये बारीक अक्षरांत लिहिले होते : १, २, ३. म्हणजे एकाहून दोनाला जाताना एक वाढला. दोनाहून चाराला जाताना दोन वाढले. आता तीन वाढणार. चार आणि तीन सात.

त्याचे म्हणणे बरोबर होते. आमचेही बरोबर होते. पण आमच्या हाती छडी होती आणि त्याच्या हाती पाटी.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला काही बोललो नाही. बोलायला हवे होते. तो मुलगा पुढे शाळेत फार टिकला नाही. एका आकड्यापायी त्याने शाळा सोडली, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या घरी गुरे होती, कामे होती, पोटाची ओढ होती. परंतु तासभर उभे राहून त्याने जे शिकून घेतले ते हे, की शाळेत आपण विचार करावयाचा नसतो, मास्तरांच्या मनातले ओळखावयाचे असते. हे आम्ही त्याला शिकवले. निवृत्त झालो तरी ती पाटी आम्हाला आठवते.

भाकरीचे तुकडे

त्या मुलाच्या उत्तराला खरा आधार आहे. तो घरी करून पाहा.

एक भाकरी घ्या. सुरीने सरळ चिरायची. अट एवढीच, की तुकडे हलवायचे नाहीत आणि दर वेळी जास्तीत जास्त तुकडे पाडायचे.

एकही चीर नाही, तेव्हा भाकरी १.
एक चीर दिली, तुकडे २.
पहिलीला छेदून दुसरी चीर दिली, तुकडे ४.
आता तिसरी चीर. पहिल्या दोन चिरा जिथे मिळतात तिथून ती नेऊ नका. जरा बाजूने न्या, पण दोन्ही चिरांना छेदू द्या. मोजा. तुकडे ७. काही केले तरी ८ होत नाहीत.

असे का? तिसरी चीर दोन जुन्या चिरा ओलांडते. म्हणजे ती तीन तुकड्यांतून जाते. ज्या तुकड्यातून जाते त्याचे दोन होतात. म्हणून तीन तुकडे वाढतात. चौथी चीर अशाच रीतीने चार तुकड्यांतून जाते, म्हणून चार वाढतात. साखळी अशी :

१, २, ४, ७, ११ ...

कागदाच्या घडीला १, २, ४ नंतर ८ येतात. भाकरीच्या चिरांना १, २, ४ नंतर ७ येतात. पहिले तीन आकडे दोन्हीकडे तेच. मग खरे कोणते? दोन्ही खरी. नुसत्या आकड्यांवरून नियम ठरत नाही. आकडे कशाचे आहेत, ते कळावे लागते. म्हणून मुलाने उत्तर दिले की त्याला आधी विचारावे, "बाळ, तुला कसे कळले?" उत्तर चूक की बरोबर, हे त्यानंतर ठरवावे.

चार पायलीचा हिशेब

आता मोठ्या माणसांचे काम.

आमच्या वर्गात एक म्हातारबाबा येतात. भाकरीचा धडा झाला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, "गुरुजी, आमच्या बापाचं रान याच आकड्यात गेलं."

आम्ही विचारले, "ते कसे?"

ते सांगू लागले. आषाढात घरातले दाणे संपत. बापाने एका सावकाराकडून चार पायली भात उचलले. बोली दिडीची. म्हणजे चार नेले, तर सुगीला सहा आणून घालायचे. त्या वर्षी पीक बुडाले. सहा घालता आले नाहीत. बापाने मनाशी हिशेब केला : चाराचे सहा झाले, म्हणजे वर्षाला दोन वाढतात. पुढल्या वर्षी आठ होतील. आठ घालू आणि मोकळे होऊ.

सावकाराच्या वहीत मात्र दुसरी साखळी होती. दोन्ही साखळ्या शेजारी मांडून पाहू.

बापाच्या मनातली : ४, ६, ८, १०, १२
सावकाराच्या वहीतली : ४, ६, ९, १३॥, २०।

सावकार दर वर्षी राहिलेल्या साऱ्या धान्याची दीडपट धरीत होता. सहाची दीडपट नऊ. नवाची दीडपट साडेतेरा. साडेतेराची दीडपट सव्वावीस, म्हणजे वीस पायली एक शेर. चार वर्षांत बाप बारा समजत होता, आणि वहीत वीस पायली एक शेर निघाले. मग त्या बाकीपोटी रान लिहून गेले. कागदावर अंगठा बापाचाच होता.

पाहा, पहिले दोन आकडे दोन्हीकडे तेच आहेत : चार आणि सहा. सावकाराने सांगितले ते एवढेच. खोटे काही सांगितले नाही. तिसरा आकडा मात्र सांगितला नाही, आणि बापाने तो विचारला नाही. विचारावा हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

आपल्याकडे पूर्वी मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. त्यांतला दिडकीचा पाढा असा चालतो : दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. ही मिळवणीची साखळी. दर वेळी दीड वाढतो. आणि दिडीचा हिशेब चार, सहा, नऊ असा चालतो; तो पटीचा. नावात दीड दोन्हीकडे आहे. चाल मात्र निराळी. पाढा पाठ असलेला माणूसही दिडीत फसे, तो यामुळे.

हे एकट्या आपल्या खोऱ्यात घडले असे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे हे लोण तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही पसरले. ठिकठिकाणी लोकांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोख्यावर आकडा लिहिला आहे एवढ्यावर न थांबता, देणे आरंभापासून कसे वाढत आले ते न्यायालयाने तपासावे, असे त्या कायद्यात होते. म्हणजे न्यायाधीशाने शेवटचा आकडा पाहून भागणार नव्हते. सारी साखळी तपासायची होती. दामदुपटीचा जुना नियमही याच धर्तीचा. पैशाच्या कर्जात एका वेळी मागायचे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असे तो सांगतो. पटीच्या साखळीला घातलेला तो बांधच होय.

आता काळ पालटला. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. बचत गट आहेत, बँका आहेत. तरी कर्ज घेणे थांबले नाही, आणि कागदही थांबले नाहीत. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. सही किंवा अंगठा करण्याआधी विचारा : "पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, हे मला लिहून दाखवा." दोन आकड्यांवर विसंबू नका. तिसरा मागा. तिसरा आकडा मिळवणीचा की पटीचा, हे आता तुम्हाला ओळखता येते.

नियम नसेल तिथे नियम पाहू नका

आणखी एक सावधगिरी. सगळ्याच आकड्यांची साखळी होत नाही.

आपले भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ते प्रवरा नदीवर आहे. त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावते. पावसाळ्यात धरणात किती पाणी आले याचा आकडा रोज काढतात. समजा, काल शंभर दशलक्ष घनफूट आले आणि आज दोनशे आले. मग उद्या तीनशे येईल काय? सांगता येत नाही. घाटघर-रतनवाडीकडे रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला तर सहाशेही येईल. उघडीप पडली तर पन्नासच येईल. पाऊस मागल्या दिवसाचा आकडा बघून पडत नाही. आणि पाणी वाढत गेले तरी धरण भरले की साठा तिथेच थांबतो. वरचे पाणी सोडून द्यावे लागते.

तसेच मटक्याच्या आकड्यांचे. काल अमुक आला, परवा तमुक आला, म्हणून आज हा येणार, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या आकड्यांत साखळी नसते. असते ती खेळणाऱ्याच्या मनात. त्या नादी लागून पुष्कळांनी घरची भांडी विकली आहेत. नियम ओळखणे हे शहाणपण, तसे नियम नाही हे ओळखणे हेही शहाणपणच.

देवळालीचे मास्तर

आकड्यांची रीत शोधण्यात साऱ्या जगात नाव झालेले एक मास्तर आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नव्हती. हाती खडू, समोर मुले, आणि डोक्यात अष्टौप्रहर आकडे. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे मांडली. पुढे १९७५ साली अमेरिकेतले लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देशोदेशीच्या लोकांना हे मास्तर माहीत झाले. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आज जगात 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. स्थिरांक म्हणजे न बदलणारा आकडा.

गंमत अशी. कोणताही चार अंकी आकडा घ्या. चारही अंक एकच नसावेत. त्यातले अंक मोठ्यापासून लहानापर्यंत मांडा. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा. मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे परत तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून चार अंक करा.

आपल्या धरणाचे साल घेऊ : १९२६.

९६२१ − १२६९ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

दोन पावलांत ६१७४ आले! आता परत करा :

७६४१ − १४६७ = ६१७४

आकडा आता हलत नाही. तिथेच राहतो.

आता कळसूबाई घेऊ. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर.

६६४१ − १४६६ = ५१७५
७५५१ − १५५७ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

सात पावले लागली. सातांहून जास्त पावले कोणत्याच आकड्याला लागत नाहीत. धरण दोन पावलांत पोचले आणि कळसूबाईला सात लागली. डोंगर चढायला वेळ लागायचाच! या हिशेबाचा उंचीशी काही संबंध नाही बरे. ही केवळ गंमत. पण मुलांना वजाबाकीचा सराव द्यावयाचा असेल, तर याहून चांगला खेळ नाही. पन्नास वजाबाक्या सांगितल्या तर मूल कंटाळते. "६१७४ येते का पाहा," म्हटले तर आपणहून करते, आणि चुकले तर आपणहून तपासते.

घरी मुलाला कसे शिकवावे

तुम्ही नुकतेच शिकू लागला आहात म्हणून मुलाला शिकवता येणार नाही, असे समजू नका. पाच गोष्टी करा.

एक : आकडे नुसते वाचू नका, हातात घ्या. चिंचोके, खडे, भाताचे दाणे, बांगड्या, काहीही चालेल.

दोन : दोन आकड्यांच्या मध्ये फरक लिहायची सवय लावा. पुष्कळ साखळ्या एवढ्यानेच उलगडतात.

तीन : फरक सारखा नसेल तर विचारा : आळीपाळीने बदलतो काय? एकेकाने वाढतो काय? की दर वेळी दुप्पट, तिप्पट, दीडपट होते?

चार : पाढ्यांत साखळ्या शोधू द्या. नऊचा पाढा लिहून काढा : ९, १८, २७, ३६, ४५. दशकाचा अंक एकेकाने चढतो, एककाचा एकेकाने उतरतो. आणि दोहोंची बेरीज नेहमी नऊ. हे मुलाला आपणहून दिसले, की पाढा पाठ करायचे ओझे हलके होते.

पाच : "कसे कळले?" हे विचारल्याशिवाय चूक म्हणू नका. ही पाचवी गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. तुम्ही आजच शिका.

स्वाध्याय

१) ७, १४, २१, २८, ___
२) ९०, ८०, ७०, ___
३) ३, ६, १२, २४, ___
४) १, ३, ६, १०, ___
५) ५, १५, २०, ३०, ३५, ___
६) महिना ३० दिवसांचा आहे. बाजार ५, १२, १९, २६ तारखेला झाला. पुढचा बाजार कोणत्या तारखेला?
७) २, ४, ___ याची दोन उत्तरे सांगा. दोहोंची कारणेही सांगा.
८) तुमच्या जन्माचे साल घ्या. किती पावलांत ६१७४ येते?

उत्तरे : १) ३५. २) ६०. ३) ४८, दर वेळी दुप्पट. ४) १५, आधी दोन, मग तीन, मग चार, आता पाच वाढतात. ५) ४५, दहा आणि पाच आळीपाळीने वाढतात. ६) पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला. सातव्याचे उत्तर ६ येईल किंवा ८ येईल. दोन मिळवले तर ६, दुप्पट केली तर ८. आणखी कोणते उत्तर सुचले आणि त्याचे कारण सांगता आले, तर तेही बरोबर. आठव्याचे उत्तर प्रत्येकाने आपापले काढावे.

त्या वर्गातल्या बाई परवा परत आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, काल पोरगं म्हनलं, आई, तुला कसं कळलं? म्या त्याला बांगड्या दावल्या." आणि म्हातारबाबा आता कोणताही कागद पुढे आला की चष्मा लावतात व विचारतात, "तिसरा आकडा कुठंय?"

आपणही विचारू या. मुलाला विचारू या, कसे कळले. कागद पुढे करणाऱ्याला विचारू या, तिसरा आकडा कोणता. एवढे विचारायला शिकलो, म्हणजे हा धडा आपल्याला आला.